गाय एकच, मग 'अ' की 'द'? इंग्रजी आर्टिकल्स आणि अनेकवचन मुलांना कसं शिकवता?

निंबोणी:
नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सातवीला इंग्रजी शिकवते. वर्गात एकवीस मुलं. पोळा झाल्यावर पोळ्यावरच पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली होती. निम्म्या वह्यांत आर्टिकल औषधालाही नाही. उरलेल्यांना मागच्या आठवड्यात मी टोकलं होतं, म्हणून त्यांनी दिसेल त्या शब्दापुढे 'द' लावलेला. 'द माय फादर वॉश द टू द बुल.' अनेकवचनाचा 'एस' मात्र सगळ्यांच्याच वहीत बेपत्ता.

पण खरी अडचण पुढे झाली. एका मुलीनं लिहिलं होतं, 'काऊ इज इन फील्ड'. मी काऊच्या आधी लाल पेनानं 'अ' लिहिला, वाचून पाहिलं, खोडला आणि 'द' केला. ती शेजारीच उभी होती. म्हणाली, "मॅडम, गाय तं एकच हाय. मंग दोन शब्द काहून?"

नियम मला पाठ आहेत. पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ', दुसऱ्यांदा आला की 'द'. सूर्य-चंद्राला 'द', नद्यांना 'द', जे 'सर्वात' मोठं किंवा चांगलं त्याला 'द'. पण तिला पटेल असं उत्तर मला देता आलं नाही आणि चार दिवस झाले, ते डोक्यातून जात नाही. इथे मराठी माध्यमातून शिकलेले बरेच जण आहेत. तुम्हाला हे कधी आणि कशामुळे उमगलं?

धुऱ्यावरून:
मॅडम, राग मानू नका, पन हे पोट्ट्यायच्या डोक्यावर आताच काहून लादता? आमच्या वेळेस इंग्रजी पाचवीपासून होती. पहिलीपासून सुरू झाली २००० साली, तवा मी कॉलेजात होतो. मले फवारनीच्या डब्यावरचं वाचता येते, ट्रॅक्टरचे कागद समजते. दुकानात 'गिव्ह मी रिसीट' म्हटलं का रिसीट भेटते. 'अ रिसीट' म्हटल्यानं काई दोन भेटत नाई. आधी बोलू द्या त्यायले.

संत्रावरूड:
भाऊ, रिसीटपुरतं तुमचं खरं. पण एका 'अ'नं माझा सौदा गेला आहे, म्हणून लिहितो.

संत्र्याच्या आंबिया बहाराचा, म्हणजे हंगामाचा, शेवट होता. दुसऱ्या राज्यातल्या एका खरेदीदाराशी ईमेलवर बोलणं चालू होतं. माल उरला आहे का, असं त्यानं विचारलं. एक छोटी गाडी भरेल इतकी संत्री झाडावर होती. मी लिहिलं, 'वी हॅव फ्यू ऑरेंजेस लेफ्ट.' मला म्हणायचं होतं की थोडी आहेत, या. त्यानं वाचलं की जवळजवळ नाहीतच. दोन दिवस वाट पाहून मी फोन केला तर तो दुसरीकडून माल घेऊन मोकळा झालेला. म्हणे, तुम्हीच तर नाही म्हणून लिहिलं होतं.

'अ फ्यू' म्हणजे थोडी आहेत. नुसतं 'फ्यू' म्हणजे नसल्यात जमा. पाण्याचंही तसंच. विहिरीत 'अ लिटल वॉटर' असेल तर एक ओलित निघतं. 'लिटल वॉटर' असेल तर मोटार सुरू करू नये. हा फरक मला वयाच्या चाळिशीत कळला, तोही नुकसान सोसून. सातवीत कळला असता तर बरं झालं असतं.

तिखटमीठ:
विहिरीचं उदाहरण वर्गाच्या भिंतीवर रंगवून घ्या मॅडम. पोरं जन्मात विसरणार नाहीत.

बँकेची_तयारी:
मी पुसदजवळच्या गावातून बँकेच्या परीक्षा देते. चूक शोधण्याच्या प्रश्नांत निम्म्या चुका आर्टिकल आणि अनेकवचनाच्याच असतात. एक चूक मी दोन वर्षं करत होते, ती सांगते: 'वन ऑफ माय फ्रेंड'. बरोबर आहे 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. अभ्यासिकेत आम्ही सगळ्याच हे चुकीचं बोलायचो.

एकदा बसून विचार केला की असं का होतं. आपल्या डोक्यात वाक्य येतं 'माझा एक मित्र'. त्यात मित्र एकच आहे, म्हणून 'एस' लागत नाही. इंग्रजी वाक्य मात्र 'माझ्या मित्रांपैकी एक' असं आहे. 'मित्रांपैकी' म्हटलं की अनेकवचन आपोआप आलं. त्या दिवसापासून 'वन ऑफ' दिसलं की मी मनात 'पैकी' म्हणते. पुन्हा चुकले नाही.

निवृत्त_मास्तर:
मी छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली बहुतेक वाशीम जिल्ह्यात. निंबोणीताई, 'पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द' हा नियम मीही पहिली दहा वर्षं शिकवला आणि मग सोडून दिला. तो अर्धा आहे. हे पाहा: 'आय वेंट टू अ वेडिंग. द ब्राइड वॉज लेट.' नवरीचा उल्लेख पहिल्यांदाच आला, तरी 'द'. का? लग्न म्हटलं की नवरी आलीच, आणि ती एकच. कोणती नवरी, असं कोणी विचारत नाही.

मी मुलांना एकच कसोटी द्यायचो. तुमचं वाक्य ऐकून समोरचा 'कोणती?' असं विचारू शकेल का? विचारू शकत असेल तर 'अ'. त्याला आधीच ठाऊक असेल तर 'द'. गावात सरपंच एकच, म्हणून 'द सरपंच इज कमिंग'. गावात सार्वजनिक विहीर एकच असेल तर 'द वेल'. पण नागपूरच्या पाहुण्याला पत्रात पहिल्यांदा सांगायचं तर 'देअर इज अ वेल इन अवर व्हिलेज', कारण त्याला आपली विहीर ठाऊक नाही.

आता तुमच्या विद्यार्थिनीची गाय. तिच्या मनात ती घरची गाय आहे, तिला नावानिशी माहीत आहे. म्हणून तिच्या बाजूनं 'द' योग्य वाटतो. वही वाचणाऱ्याला ती गाय माहीत नाही, म्हणून त्याच्या बाजूनं 'अ'. तुमचं पेन दोन्हीकडे गेलं ते बरोबरच होतं. गाय एकच आहे, पण ऐकणारे दोन आहेत. आर्टिकल लागतं ते ऐकणाऱ्याकडे पाहून.

निंबोणी:
सर, 'ऐकणारे दोन आहेत' हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. हेच मला सापडत नव्हतं.

शब्दवेडी:
मास्तरांच्या कसोटीला एक जोड देते. आपण म्हणतो, मराठीत आर्टिकल नाही. शब्द नाही हे खरं, पण फरक आपण रोज करतो. तो इतका अंगवळणी पडला आहे की दिसत नाही.

'मुलगी पाहायला गेलो' आणि 'मुलीला पाहायला गेलो'. पहिलं वाक्य ऐकलं की लोक विचारतात, जमलं का? दुसरं ऐकलं की विचारतात, तब्येत कशी आहे तिची? पहिल्या वाक्यातली मुलगी अजून 'अ' आहे. दुसऱ्यातली 'द' आहे. हा सगळा फरक एका 'ला'नं केला. 'डॉक्टर बोलाव' म्हणजे कोणीही चालेल. 'डॉक्टरला बोलाव' म्हणजे आपला ठरलेला.

निर्जीव वस्तूंना हा 'ला' सहसा लागत नाही. तिथे आपण शब्दांची जागा बदलतो. 'टेबलावर पुस्तक आहे' म्हणजे 'देअर इज अ बुक ऑन द टेबल'. 'पुस्तक टेबलावर आहे' म्हणजे 'द बुक इज ऑन द टेबल'. शब्द तेच, फक्त क्रम उलटा. माहीत असलेली वस्तू आपण वाक्यात आधी ठेवतो, नवी वस्तू मागाहून आणतो.

धुऱ्यावरून:
थांबा थांबा. म्हंजे 'कोठ्यात साप हाय' अन् 'साप कोठ्यात हाय'?

शब्दवेडी:
अगदी तेच भाऊ! पहिलं कधी म्हणाल?

धुऱ्यावरून:
पहिलं म्हंजे आताच दिसला, बोंब ठोकली. दुसरं म्हंजे सकाळपासून ज्याले हुडकून रायलो तो भेटला. अन् आमच्याकडे 'डाक्टर बलाव' अन् 'डाक्टरले बलाव' यात बी तोच फरक पडते. राजेहो, हे तं मले येतच होतं!

मघा मी म्हनलो का हे काई कामाचं नाई. ते मागं घेतो.

परदेशी_पाखरू:
मूळची हिंगणघाटची, आता बरीच वर्षं इंग्लंडात आहे. थोडा वेगळा सूर लावते. मराठीतून समजावणं छान आहे, पण त्यानं तोंडात बसत नाही. मला आर्टिकल्स कानानं आली. रोज ऐकत गेले आणि एके दिवशी 'द' नसलेलं वाक्य कानाला खटकायला लागलं. पुष्कळ ठिकाणी तर तर्क चालतच नाही. 'गो टू स्कूल', 'गो टू बेड', पण 'गो टू द बँक', 'गो टू द मार्केट'. 'बाय बस', पण 'ऑन द बस'. 'ॲट नाइट', पण 'इन द मॉर्निंग'. क्रिकेट खेळताना 'प्ले क्रिकेट', तबला वाजवताना 'प्ले द तबला'. इथे 'कोणता तबला?' विचारून काय मिळणार? मुलांकडून रोज दहा ओळी मोठ्यानं वाचून घ्या. नियम नंतर.

मेळघाट_डायरी:
ताई, तुमच्या आजूबाजूला इंग्रजी होतं म्हणून कानानं आलं. धारणीच्या माझ्या शाळेत मुलांच्या कानावर इंग्रजी फक्त माझ्या तोंडून पडतं, तेही चाळीस मिनिटं. इथे समजावणं टाळता येत नाही.

माझी बहुतेक मुलं कोरकू बोलणारी. कोरकूत एकवचन, द्विवचन, अनेकवचन अशी तीन वचनं आहेत. 'कोरकू' हे नावच अनेकवचनी आहे. 'कोरो' म्हणजे माणूस, शेवटचा 'कू' अनेकवचनाचा. हे कळल्यावर मी एकदा फळ्यावर 'कोरो' आणि 'कोरकू' लिहिलं आणि शेजारी 'बॉय' आणि 'बॉइज'. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, "सर, इंग्रजीत दोघांसाठी वेगळं नाही?" नाही म्हटलं. तर म्हणतो, "मग सोपी आहे."

अनेकवचन माझ्या मुलांना लवकर येतं. आर्टिकलला वेळ लागतो.

तिखटमीठ:
"मग सोपी आहे" असं इंग्रजीबद्दल म्हणणारा मुलगा! त्याला माझा नमस्कार सांगा.

निवृत्त_मास्तर:
परदेशी_पाखरू, 'स्कूल' आणि 'बेड'मागे थोडा तर्क आहे हो. ज्या कामासाठी ती जागा आहे त्याच कामासाठी गेलं तर 'द' नको. विद्यार्थी 'गोज टू स्कूल'. त्याचे वडील दाखला आणायला 'गो टू द स्कूल'. तुमच्याकडच्या इंग्रजीत आजारी माणूस 'इन हॉस्पिटल' आणि डबा घेऊन गेलेला 'ॲट द हॉस्पिटल'. अमेरिकेत मात्र आजाऱ्यालाही 'इन द हॉस्पिटल' म्हणतात. एका विद्यार्थ्यानं निबंधात लिहिलं होतं, 'माय अंकल इज इन जेल'. काका तुरुंगावर शिपाई होते. मी त्याला 'माय अंकल वर्क्स ॲट द जेल' करून दिलं. काकांची नोकरीही राहिली आणि अब्रूही.

वैनगंगाकाठ:
नद्यांचा विषय निघाला म्हणून. 'द वैनगंगा', 'द वर्धा', 'द पैनगंगा'. नदीला 'द', पण गावाला नाही. म्हणून 'वर्धा' एवढंच लिहिलं तर शहर किंवा जिल्हा, 'द वर्धा' लिहिलं तर नदी. डोंगररांगेला 'द सातपुडाज', एकट्या शिखराला काही नाही, 'माउंट एव्हरेस्ट'. सरोवरालाही नाही, 'लोणार लेक'. विदर्भालाही 'द' नाही. पण जुन्या इंग्रजी लिखाणात 'द कोंकण', 'द डेक्कन', 'द पंजाब' सर्रास सापडतं. आपला भाग ज्यात होता तो 'द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार'. तिथला 'द' अनेकवचनी 'प्रॉव्हिन्सेस'मुळे आहे, जसा 'द नेदरलँड्स'चा.

आणि वर्तमानपत्रांच्या नावातही असतो. नागपूरचा १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलेला 'द हितवाद'. लहानपणी मला वाटायचं 'दहितवाद' असा एकच शब्द आहे. दह्याशी काहीतरी संबंध असेल असंही वाटायचं.

बँकेची_तयारी:
दह्याच्या चवीचं वर्तमानपत्र! बरं, 'अ' आणि 'ॲन'चंही कोणीतरी सांगा. माझ्या मैत्रिणी अजून स्पेलिंग पाहून लावतात.

शब्दवेडी:
स्पेलिंग पाहू नका, तोंड कसं उघडतं ते पाहा. 'ॲन अवर', कारण एच मुका आहे. 'अ युनिव्हर्सिटी', कारण उच्चार 'यु'नं सुरू होतो. 'ॲन एमएलए', कारण एमचा उच्चार 'ए'नं सुरू होतो. तोच आमदार पूर्ण लिहिला की 'अ मेंबर'. आपली लाल परी 'ॲन एसटी बस', पण नुसती बस 'अ बस'.

गंमत म्हणजे 'अ' हा 'ॲन'चाच झिजलेला तुकडा आहे. मूळ जुना इंग्रजी शब्द 'एक' या अर्थाचा, त्यातूनच 'वन' आला आणि त्यातूनच 'ॲन'. व्यंजनापुढे त्याचा 'न' गळला. या 'न'च्या ओढाताणीत काही शब्दच बदलले. 'अ नंपायर'चं लोक 'ॲन अंपायर' ऐकू लागले आणि मूळ शब्दाचा 'न' कायमचा गेला. 'अ नॅपरन'चा 'ॲन एप्रन' झाला. उलटही झालं. 'ॲन एकनेम' म्हणजे जास्तीचं नाव, त्याचं 'अ निकनेम' झालं. पोळ्याच्या दिवशी गल्लीत क्रिकेट रंगतं, तेव्हा हे मुलांना जरूर सांगा.

आणि संत्रावरूड यांच्यासाठी खास. 'ऑरेंज' हा शब्द आपल्या 'नारंग'वरून अरबीमार्गे युरोपात गेला. स्पॅनिशमध्ये अजून 'नारांखा' आहे, 'न' शाबूत. इटालियन आणि फ्रेंचमध्ये तो 'न' आर्टिकलला चिकटला आणि गळून पडला, आणि इंग्रजीत शब्द आला तो 'न' हरवूनच.

संत्रावरूड:
म्हणजे आमच्या संत्र्याचा 'न' आर्टिकलनं खाल्ला आणि माझा सौदाही आर्टिकलनंच खाल्ला. आता तर शिकलंच पाहिजे.

धुऱ्यावरून:
आता अनेकवचनाचं सांगा कोनी. मायी पोरगी आठवीत हाय. तिनं लिहिलं 'माय फादर ग्रोज कॉटन्स', बाईनं 'एस' काटला. पोरगी म्हने, बोंडं तं मोजता येतात! मले बी तेच वाटलं.

निवृत्त_मास्तर:
पोरीचं निरीक्षण बरोबर आहे. बोंडं मोजता येतात, म्हणून 'कॉटन बोल्स' बरोबर. कापूस मोजत नाही, वजन करतो, म्हणून 'कॉटन'. आपणही 'कापूस विकला' म्हणतो, 'कापसं विकली' नाही म्हणत. इथे मराठी आणि इंग्रजी जुळतात.

जिथे जुळत नाहीत तिथे चुका होतात. आपण म्हणतो, 'तांदूळ निवडले', 'गहू दळले'. क्रियापद अनेकवचनी. म्हणून मुलं 'राइसेस', 'व्हीट्स' लिहितात. इंग्रजीला ते दाणे दिसत नाहीत, ढीग दिसतो. केसांचंही असंच. 'माझे केस पांढरे झाले' म्हणजे 'माय हेअर हॅज टर्न्ड ग्रे', 'हेअर्स' नाही. पैसे आपल्याकडे अनेक, 'मनी' एकच. बातम्या अनेक, पण 'द न्यूज इज गुड'. उलट आपली कात्री एक, त्यांची 'सिझर्स' अनेक. आपला चष्मा एक, त्यांचे 'ग्लासेस' अनेक. मोजता येणं वस्तूत नसतं, भाषेत असतं. हे मुलांना सांगितलं की ती चिडत नाहीत. त्यांचा तर्क चुकला नव्हता, हे त्यांना कळतं.

वैनगंगाकाठ:
मी धानाच्या पट्ट्यातला, आमच्याकडे 'तांदूळ आणले' हेच चालतं. मग तूर आणि सोयाबीन?

शब्दवेडी:
पिकांसाठी एक ढोबळ खूण पुष्कळदा लागू पडते. तृणधान्यं ढिगात: 'राइस', 'व्हीट', 'सॉर्घम', 'मेझ', एकालाही 'एस' नाही. डाळवर्गीय आणि शेंगांतली पिकं मोजून: 'सोयाबीन्स', 'पिजन पीज' म्हणजे तूर, 'चिकपीज' म्हणजे हरभरा, 'लेंटिल्स' म्हणजे मसूर. अपवाद 'ओट्स'चा, तृणधान्य असून अनेकवचनी. आणि वाटाण्याची तर कथाच आहे. जुना इंग्रजी शब्द 'पीज' असाच होता, 'राइस'सारखा ढिगाचा. शेवटी 'झ' ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि त्यांनी त्यातून एकटा 'पी' काढला. म्हणजे इंग्रजांच्या पोरांनीही अनेकवचनात चूक केली आणि तीच आता बरोबर आहे.

धुऱ्यावरून:
पोरीले आताच वाचून दाखवलं. तिनं लिहिलं, 'वी ग्रो कॉटन, पिजन पीज अँड सोयाबीन्स'. आमचं सारं वावर एका वळीत आलं.

बँकेची_तयारी:
त्यात एकर टाकायचे असतील तर जपून. 'वी हॅव फाइव्ह एकर्स', पण 'अ फाइव्ह-एकर फार्म'. संख्या आणि माप मिळून पुढच्या नामाचं विशेषण झालं की 'एस' जातो. 'अ टेन-रुपी नोट', 'अ थ्री-डे लीव्ह'. हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. मराठीत आपण 'दहा रुपयाची नोट' म्हणतोच की, 'रुपया' एकवचनात. शेकड्याचंही तसंच. 'टू हंड्रेड ऑरेंजेस', पण 'हंड्रेड्स ऑफ ऑरेंजेस'. 'थ्री डझन', पण 'डझन्स ऑफ'. आकडा नक्की असेल तर 'एस' नको, 'शेकडो' म्हणायचं असेल तर हवा.

तिखटमीठ:
आणि आपण मराठीत जे करतो त्याचं काय? 'एक लेडीज आली होती' असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. अनेकवचन उचलून एकवचन केलं. फाइलच्या फायली केल्या, बॅगेच्या बॅगा केल्या, आणि फोटो एक असो की शंभर, फोटोच. इंग्रजांना कोणी विचारलं नाही.

शब्दवेडी:
विचारायची गरजच नाही. शब्द घरी आणला की त्यानं घरचे नियम पाळायचे. 'फायली' हे अस्सल मराठी अनेकवचन आहे. इंग्रजीत लिहिताना मात्र 'अ लेडी', 'टू लेडीज'. तसंच 'चिल्ड्रन्स', 'फीट्स' लिहू नये. 'चिल्ड्रन'मध्ये तर आधीच दोनदा अनेकवचन झालेलं आहे. जुनं अनेकवचन 'चिल्डर' होतं, त्याला पुन्हा जुना 'एन' लागला. तिसऱ्यांदा नको. तो 'एन' आणखी एका शब्दात टिकला आहे, निंबोणीताईंच्या विषयातल्याच: 'ऑक्स', 'ऑक्सन'.

मेळघाट_डायरी:
मराठीत 'बैल' शब्द बदलतच नाही, हे लक्षात आलं का कोणाच्या? बैल आला, बैल आले. संख्या क्रियापदात कळते. हात, डोंगर, दगड, सगळे तसेच. म्हणून 'टू बुल' लिहिणारं मूल निष्काळजी नाही. ते संख्या शोधायला क्रियापदाकडे पाहतं, आणि 'वॉश्ड' तर एकाला आणि अनेकांना सारखंच. इंग्रजीत संख्या नामावरच चढवावी लागते. मी मुलांना घर–घरं, आंबा–आंबे अशा जोड्यांनी सुरुवात करून देतो. बैल शेवटी.

निंबोणी:
आठ दिवसांनी येते आहे. सगळं पुन्हा वाचलं आणि वर्गात करून पाहिलं.

डबा समोर ठेवला आणि दोन वाक्यं म्हटली: 'डब्यात खडू आहे.' 'खडू डब्यात आहे.' फरक काय, विचारलं. दोन मिनिटं शांतता. मग एक मुलगा म्हणाला, "दुसऱ्यात आपन खडू हुडकून रायलो होतो." तिथून पुढे मला फारसं बोलावं लागलं नाही. मुलांनीच वाक्यं काढली. आजी, म्हैस, मास्तर, सगळ्यांना 'ले' लावून आणि काढून पाहिलं. 'मुलगी पाहायला' वर फार हशा झाला. परदेशी_पाखरू यांचंही ऐकलं, रोज दहा ओळी मोठ्यानं वाचतो आहोत. 'बाय बस', 'ॲट नाइट' हे मात्र पाठच करायला सांगितलं.

पोळ्याची वाक्यं पुन्हा लिहून घेतली. 'द' अजून जास्तीचे येतात, पण कमी झाले. त्या मुलीची वाक्यं अशी: 'वी हॅव टू ऑक्सन. द रेड ऑक्स इज ओल्ड. माय ग्रँडफादर बॉट द अदर ऑक्स फ्रॉम अ मार्केट.' शेवटच्या 'अ मार्केट'वर मी बोट ठेवलं. म्हणाली, "तुमाले कोनता बाजार ते माहीत नाई न मॅडम." मी तो खोडला नाही.

तिचा नवा प्रश्न आणला आहे. आजोबा 'जोडी विकली' म्हणतात, एकवचनात. इंग्रजीत जोडीला 'इज' की 'आर'?

निवृत्त_मास्तर:
'अ पेअर ऑफ ऑक्सन'. जोडी एक म्हणून धरली तर 'इज', दोन जनावरं डोळ्यापुढे असली तर 'आर'. दोन्ही चालतं. पण जुंपलेल्या जोडीला इंग्रजीत खास शब्द आहे: 'अ योक ऑफ ऑक्सन'. योक म्हणजे जू. तिला हेही सांगा, आपलं 'जू' आणि त्यांचं 'योक' एकाच मुळाचे आहेत, संस्कृतातलं 'युग' त्याच घरातलं.

धुऱ्यावरून:
जू अन् योक एकच! खांद्यावर जू घेऊन उभं आयुष्य गेलं बैलायचं, अन् त्यायचा शब्द तिकडे इंग्लंडात बी हाय. आज बापाले सांगतो.

निंबोणी:
आज सांगितलं तिला. मग विचारलं, तुझ्या घरच्या जोडीबद्दल लिहायचं तर 'अ योक' लिहिशील की 'द योक'? तिनं थोडा विचार केला आणि मलाच विचारलं, "मॅडम, तुमी आमची जोडी पाह्यली काय?"

नाही म्हटलं.

"मंग 'अ'," म्हणाली. "रविवारी घरी या. सोमवारी 'द' लिहीन."